सारथ्यालाच चढली तर?



आजच्या वाचनात कठोपनिषदाची तिसरी वल्ली होती. रथाचं रूपक तुम्ही ऐकलेलं असेलच. शरीर हा रथ, आत्मा त्यात बसलेला मालक, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं हे घोडे आणि विषय म्हणजे ते ज्या वाटांनी धावतात त्या वाटा. हे नचिकेताला समजावतोय कोण, तर यम. रथ नीट कसा हाकावा, हे साक्षात मृत्यू सांगतोय. गंमत नाही ही.

लहानपणापासून कीर्तनात हे ऐकताना माझं लक्ष घोड्यांकडेच जायचं. घोडे आवरा, इंद्रियं आवरा. आज मात्र मी सारथ्यापाशी अडकलो. कारण दारू आधी घोड्यांना चढत नाही. पाय लटपटायला, जीभ जड व्हायला वेळ लागतो. त्याच्या कितीतरी आधी ती सारथ्याला चढलेली असते. आणि "मी गाडी चालवू शकतो का?" हा प्रश्न आपण विचारतो कुणाला? त्याच सारथ्याला! तो बिचारा काय सांगणार? "चालव रे, काही होत नाही."

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी केडगावजवळ नात्यातल्या एकाची हळद होती. मी शिरूरचा. दुसऱ्या दिवशी रांजणगाव एमआयडीसीत पहिली पाळी. मंडपामागे उसाच्या कडेला आम्ही चारपाच पोरं बसलो. जास्त नाही, 'थोडीशीच'. रात्री अकराच्या सुमारास निघालो, तेव्हा मामांनी हात पुढे केला. "किल्ली दे. इथंच झोप, पहाटे जा." मी हसलो. "मामा, मी एकदम ओके आहे. सरळ चालून दाखवू का?" आणि खरंच चालून दाखवलं, अगदी सरळ. सगळे हसले. मामा नाही हसले. मागे मावसभाऊ बसला, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. हेल्मेट होतं, आरशाला लटकवलेलं.

न्हावऱ्याच्या रस्त्यावरून हंगामात गेलेल्यांना माहीत आहे. एकीकडे पाटसचा कारखाना, दुसरीकडे घोडगंगा. रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालू. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, आणि बाहेर आलेलं वाढं. शुद्धीतल्या माणसालाही ती ट्रॉली जवळ गेल्यावरच दिसते. मला दिसली तेव्हा वाढं जवळजवळ तोंडावर आलं होतं. मी हँडल फिरवलं, गाडी साइडपट्टीवरून खाली गेली. मला खरचटलं. भावाच्या मांडीचं हाड मोडलं. आत रॉड आहे. त्या वर्षी तुकोबांची पालखी वरवंडला आली तेव्हा तो दारात खुर्चीवर बसून होता. त्याआधी दरवर्षी तो यवतपासून चालायचा.

ट्रॉलीला दिवा नव्हता, हे मी पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत फिरलो. खोटं नव्हतं ते. पण तेवढंच सांगत होतो.

कायदा म्हणतो, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल नको. मोटार वाहन कायदा, कलम 185. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. हे सांगितलं की मित्र लगेच हिशोब मांडतात, एका बिअरला किती, दोनला किती. अरे, तो हिशोबही पुन्हा तोच सारथी करणार ना? लिंबूपाणी, कडक चहा, तोंडावर गार पाणी, कशानेही रक्तातली दारू लवकर उतरत नाही. झोप उडते, एवढंच. यकृत त्याच्या चालीनेच काम करतं. नाकाबंदी कुठे आहे ते ग्रुपवर टाकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. पोलीस चुकवता येतात, ट्रॉली नाही.

नगर रोडने शिरूरहून पुण्याला जाताना वाघोलीत केसनंद फाटा लागतो. 22 डिसेंबर 2024 च्या रविवारी मध्यरात्रीनंतर तिथे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. तिघं गेली, त्यांत दोन अगदी तान्ही लेकरं. काम शोधत अमरावतीकडून आलेली माणसं होती ती. चालक दारू प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. रूपकात एक रथ, एक सारथी, एक मालक. फुटपाथवर झोपलेल्या लेकराचा त्या रथाशी काय संबंध होता? मला उपनिषदात याचं उत्तर सापडलं नाही. शोधतोय.

महाभारताच्या मौसलपर्वात मात्र एक जागा आहे. यादवांचा नाश जवळ आला, तेव्हा द्वारकेत दवंडी पिटली गेली की यापुढे कुणी घरात मद्य गाळायचं नाही, शिक्षा सुळाची. लोकांनी ऐकलं. मग सगळे तीर्थयात्रेला म्हणून प्रभासला गेले आणि तिथे प्यायले, श्रीकृष्णाच्या डोळ्यांदेखत. जुनी उणीदुणी निघाली, लव्हाळ्यांची मुसळं झाली आणि कुळ संपलं. देव शेजारी उभा होता. डॅशबोर्डवर फोटो नव्हे, प्रत्यक्ष!

बंदीचं आपलंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, तेव्हा केरळातल्या एका बारने दारापुढे भुलभुलैयासारखी वेडीवाकडी वाट बांधून अंतर भरून काढलं. मन अशा वाटा बांधण्यात फार हुशार.

आणि तीर्थयात्रा म्हणाल तर आपली अष्टविनायकाची सहल आठवा. रांजणगावचा महागणपती, मग दौंडवरून भीमा ओलांडून सिद्धटेक. जाताना गाडीत अथर्वशीर्ष, येताना सोलापूर रोडला ढाबा. "दर्शन तर झालं ना, आता काय." हे वाक्य मी ऐकलंय. खरं सांगायचं तर म्हटलंयसुद्धा.

म्हणून मला आता एवढंच कळतं की ठरवायचं ते सारथी शुद्धीत असताना. पहिला ग्लास भरायच्या आधी किल्ली दुसऱ्याच्या हातात. केडगाव, यवत, पाटसला निदान रेल्वे आहे. शिरूरला तीही नाही. मग मुक्काम करा. लग्नघरी गादी मिळतेच. किल्ली देण्यात कमीपणा वाटतो, मलाही वाटला होता. पण अर्जुनासारख्या धनुर्धराने लगाम दुसऱ्याच्या हाती दिलेच होते की, तेही भर रणात.

आणि तुम्ही मामांच्या जागी असाल तर हसू नका. थोडं भांडण होऊ द्या. मामांनी त्या रात्री किल्ली हिसकावून घेतली असती, तर मी महिनाभर बोललो नसतो त्यांच्याशी. मामा आजही म्हणतात, "मी हात पुढे केला, पण धरला नाही."

या रविवारी आम्ही सहाजण सिद्धटेकला निघालोय. गाडी माझी आहे. किल्ली भावाकडे राहील. त्याचा पाय आता क्लचवर नीट बसतो, फार वेळ नाही, पण शिरूर ते दौंड पुरतो.