गिऱ्हाइकापुरता इतिहास

दिल्ली-आग्रा-जयपूर हा ‘गोल्डन ट्रँगल’ तीन-चार दिवसांत उरकणाऱ्या पर्यटकाची टिंगल करणे आता फार सोपे झाले आहे. स्वतंत्र गाडी, तिचा ड्रायव्हर, प्रत्येक शहरात हॉटेलच्या दारात हजर असलेला गाइड, सकाळी ताजमहाल आणि दुपारी फतेहपूर सिक्री. या सहलीवर दोन बाजूंनी टीका होते. एक बाजू म्हणते, गाइड थापा मारतात. ते खरेच आहे, पण त्यात नवे काय? तीर्थक्षेत्री पंडे आणि बडवे होते तेव्हापासून हे चालत आले आहे. दुसरी बाजू म्हणते की पाप आहे ते घाईचे. शहर कळायचे तर तिथे राहावे लागते, गल्ल्यांतून भटकावे लागते, निवांत चहा प्यावा लागतो. हे मत सुशिक्षित मंडळींत आज जवळजवळ धर्मवचनासारखे मानले जाते, ‘स्लो ट्रॅव्हल’ या नावाने चढ्या भावात विकलेही जाते, आणि मला ते मुळातच फसवे वाटते. या सहलीत खोट आहे, यात शंका नाही. पण ती सहल छोटी असण्यात नाही, ती खासगी असण्यात आहे. हा फरक न केल्यामुळे सगळी चर्चा दिवस मोजण्यात वाया जाते.

मुक्काम वाढला की समज वाढते, या समजुतीला इतिहासाचा आधार किती आहे ते आधी पाहू. इब्न बतूता दिल्लीत काही वर्षे राहिला, तिथे काझी म्हणून नेमला गेला, दरबारात त्याची ऊठबस होती. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेस नेली तेव्हा दिल्ली पार ओस पडली आणि एका आंधळ्याला फरफटत नेताना त्याचा फक्त पाय दौलताबादेला पोचला, ही गोष्ट त्याच्याच ग्रंथातली. पण तो दिल्लीत आला तेव्हा त्या स्थलांतराला काही वर्षे उलटून गेली होती. ऐकीव गोष्टच त्याने लिहून ठेवली. त्याच काळातले दिल्ली परिसरातले संस्कृत शिलालेख नांदत्या, भरल्या शहराचे वर्णन करतात. फ्रांस्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काळात सुमारे दहा वर्षे हिंदुस्थानात राहिला. दिल्ली आणि आग्रा या शहरांवरचे त्याचे दीर्घ पत्र आजही वाचनीय आहे. पण इथे सगळी जमीन बादशहाची, खासगी मालकी नाहीच, हा त्याचा निष्कर्ष त्याला कोणी दाखवलेला नव्हता. फ्रान्सच्या राजकारण्यांना सुनवायचा उपदेश त्याच्या मनात आधीपासून तयार होता. पुढे १८५३ साली मार्क्सने तोच निष्कर्ष उचलला आणि पौर्वात्य समाजाचे मर्म म्हणून मिरवला. जमीनदारी हक्कांची खरेदी-विक्री होत होती याचे कागद इतिहासकारांनी पुढे शेकड्यांनी उजेडात आणले, ते वेगळेच. तिसरा तावेर्निए. पूर्वेकडे सहा सफरी करणारा, हिऱ्यांची पारख असलेला, म्हणजे डोळ्यांत तेल घालून पाहणारा माणूस. यमुनेपलीकडच्या काळ्या ताजमहालाची कथा त्याच्याच पुस्तकातून निघाली. पलीकडच्या त्या महताब बागेत उत्खनन झाले तेव्हा तिथे दुसऱ्या कबरीचा पाया सापडला नाही, ताजचे प्रतिबिंब पाहण्यासाठी बांधलेला अष्टकोनी हौद सापडला. ‘काळे’ म्हणून दाखवले जाणारे दगड काळवंडलेले पांढरे दगड होते.

यावर निवांत प्रवासाचे पुरस्कर्ते म्हणतील की ही जुनी, परकी माणसे. आजचा जाणता प्रवासी जयपूरच्या एखाद्या हवेलीत पंधरा दिवस राहतो, घरच्यांबरोबर जेवतो, शेजारपाजारच्यांशी बोलतो. राहू दे. पण त्या पंधरा दिवसांत त्याला सांगणारा कोण? हवेलीचा मालक. तोही पाहुण्याला रुचेल असेच सांगणार, आणि शिवाय घराण्याची अब्रू सांभाळून सांगणार. दीर्घ मुक्कामाने भाषेचा कान तयार होतो, भाजीचा भाव कळतो, सकाळ-संध्याकाळचा फरक कळतो. हे सगळे मोलाचे आहे. मात्र एखादी वास्तू कोणी, कधी, का बांधली हे मुक्काम लांबवून कळत नाही. ते पुराव्याने कळते, आणि पुरावा पाहायला बहुधा तासभर पुरतो. ताजमहाल बांधणाऱ्यांचे हात शहाजहानने तोडले, ही थाप आग्र्यात रोज सांगितली जाते. त्याच इमारतीच्या आत कुराणातल्या आयती लिहिणाऱ्या अमानत खान शिराझीने १६३८-३९ च्या सुमाराची तारीख घालून आपले नाव कोरून ठेवले आहे. याच अमानत खानाने नंतर पंजाबात स्वतःची सराई बांधली. एवढे नाव आणि एवढी तारीख दाखवायला पाच मिनिटे लागतात. ताजचे तिकीटच २०१८ पासून तीन तासांचे आहे. महिनाभर आग्र्यात राहणाऱ्यालाही एका तिकिटात त्याहून जास्त आत थांबता येत नाही. जयपूरच्या जंतर मंतरमध्ये सम्राट यंत्राची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. ती सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसते, चार दिवसांच्या पर्यटकालाही आणि चार वर्षे राहणाऱ्यालाही. शिवाय चार दिवसच हातात असणारे कोण असतात, तेही पाहावे: एलटीसी घेऊन निघालेला कारकून, म्हाताऱ्या आईवडिलांना एकदाच ताज दाखवायला निघालेली मुलगी, न्यू जर्सीहून दोन आठवड्यांच्या रजेवर आलेले आणि त्यातले दहा दिवस नातेवाइकांत घालवलेले जोडपे. ज्याला महिनाभर उंडारता येते त्याने यांना उथळ म्हणावे, याला विचार म्हणत नाहीत, ऐपतीचा तोरा म्हणतात.

आता ‘खासगी’कडे वळू. कुतुब परिसर घ्या. मिनाराशेजारच्या मशिदीच्या खांबांवर साखळ्या आणि घंटा कोरलेल्या आहेत, काही आकृती छिन्नीने पुसलेल्या आहेत, आणि सत्तावीस देवळांचे सामान वापरल्याचे तिथल्या फारसी लेखातच नोंदले आहे. मिनाराचे वरचे मजले विजेने पडले ते फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात दुरुस्त केले. ते काम करणाऱ्या कारागिरांनी मिनारावरच नागरी अक्षरांत लेख कोरून विश्वकर्म्याच्या कृपेने काम पार पडल्याचे लिहून ठेवले आहे. कंपनी सरकारच्या काळात मेजर स्मिथने डोक्यावर बसवलेली छत्री १८४८ मध्ये उतरवली गेली. ती आज हिरवळीवर एखाद्या शिक्षा झालेल्या मुलासारखी बाजूला उभी आहे. हे सगळे काही पावलांच्या अंतरात. आता एका गाडीतून उतरलेल्या कुटुंबासमोर गाइड उभा राहिला की आडनाव, कपाळ, बोलण्याचा सूर यांवरून त्याला दहा मिनिटांत अंदाज येतो. एकाला तो सत्तावीस देवळे सांगतो आणि तिथेच थांबतो. वर ही मूळची हिंदू वेधशाळा होती अशी पुस्तीही जोडतो. दुसऱ्याला तो कमानी आणि सुलेखन दाखवतो आणि खांबांसमोरून जरा झपाझप नेतो. तिसरा युरोपातला असेल तर लोहस्तंभ का गंजत नाही, यावरच अर्धा तास जातो. यातले बरेचसे खोटे नसते, म्हणून ‘गाइड थापा मारतात’ हा आक्षेप इथे लागू पडत नाही. गळते ते फक्त तेवढेच, जे कोणत्याच गिऱ्हाइकाला सोयीचे नाही. देवळे पाडल्याचे सांगणारा लेख आणि सुलतानाच्या कामावर विश्वकर्म्याला स्मरणारा गवंडी, दोन्ही एकाच आवारात आहेत आणि दोन्ही एकाच श्रोत्याला सांगितले जाण्याचा योग क्वचित येतो.

मराठी गिऱ्हाईक याला अपवाद नाही, किंबहुना त्याच्यासाठी वेगळा पाठ तयार असतो. लाल किल्ल्यातला दिवाण-ए-खास हे एकच दालन घ्या. १७३९ साली नादिरशहाने मयूरासन नेले, १७६० साली सदाशिवराव भाऊंनी छताची चांदी उतरवून वितळवली, कारण फौजेचा पगार तुंबला होता आणि पुण्याहून पैसा येत नव्हता. भरतपूरचा सूरजमल जाट भाऊंना सोडून गेला त्याला हेही एक कारण सांगितले जाते. १७८८ साली गुलाम कादिरने इथेच शहा आलमचे डोळे काढले आणि त्या आंधळ्या बादशहाला महादजी शिंद्यांच्या फौजेने पुन्हा गादीवर बसवले. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईनंतर तोच बादशहा इंग्रजांच्या हाती गेला. १८५८ च्या जानेवारीत बहादुरशहा जफरवरचा खटला भरला तोही याच दालनात. आज वर लाकडी, रंगवलेले छत दिसते. मराठी कुटुंबाला इथे महादजी ऐकायला मिळतात आणि चांदी गाळली जाते. दुसऱ्या दिवशी भरतपूरकडचा पाहुणा आला की चांदी राहते आणि महादजी गळतात. आग्र्यातही तेच. शिवाजी महाराज १२ मे १६६६ रोजी किल्ल्यातल्या दरबारात गेले एवढे पुरेसे रोमांचक आहे, पण गिऱ्हाइकाला कोठडी पाहायची असते, म्हणून कोणती तरी खोली ‘हीच ती’ होऊन बसते. जयपूरच्या दफ्तरात सापडलेल्या राजस्थानी पत्रांवरून महाराज किल्ल्यात नव्हे, शहराबाहेर रामसिंगाच्या तळाजवळ, फौलादखानाच्या पहाऱ्यात होते हे चांगले स्पष्ट होते. ज्या जयपूरला तिसऱ्या दिवशी गुलाबी भिंतींचे फोटो काढायला जायचे असते, त्याच राजघराण्याच्या कागदांत आग्र्याची हकीकत आहे, ही गोष्ट या सहलीत कोणी जोडून दाखवत नाही. त्या भिंतींना गुलाबी रंग १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी दिला गेला, हे मात्र सगळ्यांना सांगतात. त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

यात गाइडला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. परवानाधारक गाइडांत इतिहासाचे पदवीधर पुष्कळ आहेत, आणि वर सांगितलेले बरेच त्यांना पाठ असते. पण त्याचा दिवस कशावर उभा आहे ते पाहा: ठरलेली फी, शेवटी मिळणारी बक्षिसी, ट्रॅव्हल एजंटाकडे जाणारा ‘फीडबॅक’, आणि संगमरवरावरच्या पच्चीकारीच्या किंवा रत्नांच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकाने खरेदी केली तर मिळणारे कमिशन. दाराशी घोटाळणाऱ्या लपक्यांची, म्हणजे गिऱ्हाईक गाठणाऱ्या दलालांची, स्पर्धा वेगळीच. अशा माणसाला एकट्या कुटुंबाबरोबर आठ तास काढायचे असतात. तो त्यांना दुखावेल असे वाक्य का बोलेल? ऐकणारा आणि पैसे देणारा एकच असतो, तिसरा माणूस कानाच्या टप्प्यात नसतो, आणि म्हणून खोटे न बोलताही इतिहास वाकवता येतो.

मग टूर कंपनीच्या बसमधून चाळीस जणांनी गेलेले बरे का, असे कोणी विचारेल. तर नाही. चाळीस मराठी माणसे एका बसमध्ये बसली की ती या बाबतीत एकच गिऱ्हाईक होतात, फक्त मोठे. संख्येने काही साधत नाही. आपल्या घरात, आपल्या गाडीत जे बोलता येते आणि चारचौघांत बोलता येत नाही, त्यातला हा फरक आहे. आणि चारचौघे म्हणजे चार परके, ज्यांची सोय तुमच्या सोयीशी जुळत नाही असे. खासगी गाइडला हवे ते विचारता येते, हा दुसरा आक्षेप वरवर जोरकस आहे. विचारता येते हे खरे. पण माणूस स्वतःच्या विरुद्ध जाणारा प्रश्न क्वचित विचारतो, तो शेजारी उभा असलेला परका विचारतो. म्हाताऱ्यांचे, चाकाच्या खुर्चीतल्या माणसांचे, एकट्या बाईच्या सुरक्षिततेचे काय, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला माझे उत्तर असे की गाडी खासगी असू द्या, खोली खासगी असू द्या, दिवसही तीनच असू द्या. खासगी नको ते फक्त बोलणे. कानात घालून ऐकायचे ऑडिओ गाइड रुक्ष असतात, पुरातत्त्व खात्याच्या लाल दगडावरच्या पाट्या त्याहून रुक्ष. पण त्या सगळ्यांना तेच सांगतात आणि चुकले तर ते कोणालाही दाखवून देता येते. या एका गुणासाठी त्यांचा कंटाळा सोसावा.

माणूसच हवा असेल तर लाल किल्ल्याच्या किंवा कुतुबच्या दारात परवाना गळ्यात अडकवलेला गाइड उभा असतो. त्याला एकट्याने न ठरवता तिकिटाच्या रांगेतल्या दोन अनोळखी कुटुंबांना विचारून तिघांत मिळून ठरवता येते. दीड तासाचे पैसे तिघांत वाटले जातात. यात गैरसोयी आहेत. मराठीतून ऐकायला मिळणार नाही, हिंदीवर भागवावे लागेल. कोणाचे मूल मध्येच रडेल. इंदूरच्या काकांना होळकरांविषयीच ऐकायचे असेल आणि कोट्टायमच्या जोडप्याला त्यात रस नसेल. गाइडही कदाचित कुरकुर करील, कारण तीन कुटुंबांना एका शोरूमकडे वळवणे कठीण, आणि कोणापुढे काय गाळायचे याचा हिशेब तर त्याहून कठीण.