हौद आणि ऋण

विद्याधरनगर आखताना बाळकृष्ण दोशी यांनी ऊन-वाऱ्याचा विचार केला; निवारा म्हणजे केवळ भिंती नव्हेत. फरसाठी पाळलेल्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या मिंकला मात्र तारेचा पिंजराच लाभतो. २००१ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांस आढळले, की पोहण्याच्या हौदाकडे जाण्यासाठी हा प्राणी जड दार ढकलतो. हौद बंद होताच अन्न तोडल्याइतका व्याकुळ होतो. मग हौद दिला, की आपले ऋण फिटले काय? तो द्यावाच, कारण दुःख तेवढे हलके होते. परंतु कातडीसाठी मारणे त्याने न्याय्य ठरत नाही. भारताने २०१७ मध्ये अशा फरची आयात थांबविली. जे आम्हांस नकोच होते, त्याचा त्याग सोपा होता. आमची खरी कसोटी दुधासाठी दाव्याला जखडलेल्या म्हशीपाशी आहे.