वजनकाट्यावरचे निदान

दुखणे दिसले की त्याचा दोषी शोधावा, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. जन्मांध मनुष्यासमोर उभे राहून येशूच्या शिष्यांनीही प्रथम चौकशी केली ती त्याच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या पापाची. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले, तेव्हा त्याच्या फोडांमागे त्याचा अपराध शोधू लागले. ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वराचा कोप होतो तो ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. आज पापाच्या भाषेत हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो वजनाच्या भाषेत विचारला जातो.

आपल्या कोणत्याही धर्मग्रामात आढळेल असे हे चित्र आहे. चाळिशी ओलांडलेली, अंगाने स्थूल अशी एक गृहिणी वर्षभर हातापायांच्या दुखण्याने बेजार असते. डॉक्टर तिला काट्यावर उभी करतात, आकडा पाहतात आणि आधी वजन उतरवा, मग पाहू, असे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावतात. ती भात कमी करते, संध्याकाळी चालू लागते. दुखते म्हणून चालणे बंद पडते. आणि सहा महिन्यांनी त्याच खुर्चीत बसून तोच उपदेश, आता जरा चढ्या आवाजात, ऐकते. तिने दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे काय? हा केवळ वैद्यकीय प्रश्न आहे, असे आम्हांला वाटत नाही. कारण तिला अडविणाऱ्या गोष्टी वैद्यकीय नसतात.

वजनावर ठेवलेला ठपका खोटाच असतो, असे मात्र आम्ही म्हणत नाही. गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णाचे वजन एक किलो उतरले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हे सांगणे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. परंतु सत्याचा एक अंश हाती आला म्हणजे निदान झाले असे नव्हे. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली राहणे, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे, ही आमवाताची लक्षणे असू शकतात. त्या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाले तर पुष्कळ हानी टळते. एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. शिवाय दुखण्यामुळे हालचाल मंदावते आणि वजन वाढते, म्हणजे ज्याला कारण म्हटले ते परिणामही असू शकते. याहून विपरीत प्रकारही घडतो. पाठीच्या मणक्याच्या क्षयाने किंवा एखाद्या गाठीने स्थूल मनुष्य खंगू लागला, तर त्याचे अभिनंदन होते!

उंची आणि वजन यांचे जे गणित दवाखान्यांतून मांडले जाते, त्याचा उगम 1832 साली बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांच्या अभ्यासात आहे. ते वैद्य नव्हते. खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्यांचे विषय, आणि त्यांना शोध होता तो सरासरी मनुष्याचा. समोर बसलेला रुग्ण सरासरी नसतो.

मग ही बाई गप्प का बसते? पहिले कारण लाज. खादाडपणा हे सात प्रमुख पापांपैकी एक, हे तिने धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले असते. म्हणून आपले दुखणे ही आपल्याच जिभेची शिक्षा, असे ती मनोमन मान्य करते. वास्तविक संत थॉमस अक्विनास यांनी हे पाप देहाच्या आकारमानात नव्हे, तर खाण्याच्या बेबंद वासनेत पाहिले आहे, आणि ती वासना सडपातळ देहातही नांदू शकते. दुसरे कारण क्रूस. हे दुःख प्रभूला अर्पण करावे, असे तिला घरातले वडीलधारे सांगतात. अर्पण करणे थोरच. पण ते उपचाराच्या बदल्यात नव्हे. वेदनाशमन ख्रिस्ती माणसाला वर्ज्य नाही, हे पोप पायस बारावे यांनी 1957 साली डॉक्टरांसमोर स्पष्ट केले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 साली दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर जे पत्र लिहिले, त्याच्या अखेरच्या भागात ते दयाळू शमरोन्याकडे वळतात. जखमीला त्याच्या जखमेचे कारण विचारीत तो थांबला नव्हता.

तिसरे कारण डॉक्टरांविषयीचा आदर. तो असावाच, सिराकच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय त्यासाठीच आपल्याकडे वाचला जातो. पण आपल्या हातून योग्य निदान व्हावे म्हणून वैद्यही देवाची प्रार्थना करतात, हे त्याच अध्यायात आहे. ज्याला प्रार्थनेची गरज भासते, त्याची चूक होऊ शकते, हे त्यात गृहीतच आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीने अनेक वैद्यांच्या हातून फार सोसले, असे मार्क लिहितो. (परंपरेने वैद्य मानलेला लूक तीच कथा सांगताना हा शेरा बराच सौम्य करतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.) त्या वैद्यांवर अविश्वास दाखविला म्हणून येशूने तिला दटावले नाही, उलट तिच्या विश्वासाची वाखाणणी केली.

2018 साली कॅनडातील एका स्त्रीचा मृत्युलेख बराच गाजला. कित्येक वर्षे ती उपचार मागत होती आणि वजन उतरविण्यापलीकडे तिला काही सुचविले गेले नाही. कर्करोग उघडकीस आला तेव्हा हाती थोडेच दिवस होते. स्थूलपणा हीच आपली एकमेव व्याधी, हे इतर स्त्रियांनी मान्य करू नये, ही तिची अंतिम इच्छा तिच्या आप्तांनी त्यात छापली.

दुसरे मत घेण्यातही अप्रामाणिकपणा असू शकतो, हे नमूद केले पाहिजे. मनाजोगे उत्तर मिळेपर्यंत एकामागून एक पायऱ्या चढणारा रुग्ण सत्य शोधीत नसतो. पहिलेच उत्तर पुन्हा ऐकण्याची तयारी ठेवून जो जातो, त्याचे जाणे खरे. तपासणीअंती दुसऱ्या डॉक्टरांनीही वजनच सांगितले, तर ते आता निदान असेल, शेरा नव्हे. मुळात पहिल्या डॉक्टरांनाही नम्रपणे विचारता येते की, हीच तक्रार घेऊन एखादा सडपातळ रुग्ण आला असता, तर आपण कोणत्या तपासण्या केल्या असत्या? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. बहुधा कागद पुढे ओढून लिहू लागतो.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क समाविष्ट आहे. मागितलेली कागदपत्रे 72 तासांच्या आत द्यावीत, असे डॉक्टरांच्या 2002 सालच्या आचारसंहितेत म्हटले आहे. परंतु हक्काने शहरातील तज्ज्ञाची फी भरली जात नाही. मुलाच्या क्लासची फी, घराचा हप्ता, लग्नाचा आहेर यांच्या रांगेत आईच्या सांध्यांचा क्रमांक कितवा लागतो, हे प्रत्येक घराने स्वतःच पाहावे. आणि ती जाईल त्या दिवशी सोबत कोणी जावे: फाईल धरायला, आणि सकाळी तिला चहाचा कप उचलता येत नाही, हे ती सांगायचे विसरली तर सांगायला.