सब्र आणि उशीर

मूल ही अल्लाहची अमानत आहे, असे आपल्या घरांतून इतक्या वेळा म्हटले जाते की त्या शब्दातील कठोरपणा आता जाणवेनासा झाला आहे. शेजाऱ्याने धान्याचे पोते आपल्याकडे ठेवले, वरचे छप्पर गळताना आपल्याला दिसले, आणि तरीही ‘अल्लाह राखील’ म्हणून आपण ते हलवले नाही, तर भिजलेल्या धान्याचा जाब कोणाला विचारला जाईल? अमानतदाराचे पहिले कर्तव्य म्हणजे अमानतीची स्थिती जाणून घेणे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकांच्या बाबतीत मात्र न जाणण्यालाच आपण पुष्कळदा सब्र असे नाव देतो.

या व्याधीत विकसित होत असलेल्या मेंदूला गर्भावस्थेत, जन्मसमयी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत नाही. पण तिच्यामुळे स्नायू ताठर होतात, हालचालींवरचा ताबा सुटतो, तोल राहत नाही, आणि हे परिणाम वयाबरोबर बदलत जातात. इंग्लंडचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी 1861 मध्ये याचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. सिग्मंड फ्रॉईड यांनी 1897 मध्ये उलट शंका घेतली, की अवघड बाळंतपण हेच कदाचित गर्भातील आधीच्या दोषाचे लक्षण असावे. आज असे मानले जाते की बहुतेक बालकांत मूळ कारण प्रसूतीच्या आधीच घडलेले असते.

तरीही दोष मातेच्या पदरात टाकला जातो. ग्रहणात भाजी चिरली, सांजवेळी बाहेर पडली, नजर लागली, हे सारे मुस्लिम घरांतही ऐकू येते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम (रजि.) वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले आणि लोक त्या दोन गोष्टींची सांगड घालू लागले. तेव्हा पुत्रशोकात असलेल्या प्रेषितांनी (स.) ती समजूत तेथेच खोडून काढली. त्यांच्या उम्मतीतील एखादी आई सासरच्या उंबरठ्याआड ग्रहणाचा आळ सोसत राहावी, ही शरमेची बाब आहे.

आता निदानाविषयी. पूर्वी मूल दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत डॉक्टरही या व्याधीचे नाव घेण्याचे टाळत. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये उपलब्ध पुराव्याचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार बाळ सहा महिन्यांचे होण्याआधीही बऱ्याच अचूकपणे निदान करता येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मात्र अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे लागते. यासाठी एमआरआय, हॅमरस्मिथ तपासणी आणि बाळाच्या उत्स्फूर्त हालचालींचे निरीक्षण यांचा उपयोग होतो. निरोगी बाळ तीन महिन्यांच्या सुमारास जागे असताना मान, धड व हातपाय यांची बारीक, अखंड चुळबुळ करीत असते. प्रशिक्षित नजरेला तिचा अभाव बरेच काही सांगून जातो. घरातही काही खुणा दिसतात: चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या असणे, नऊ महिन्यांचे होऊनही आधाराविना न बसणे, वर्षाच्या आत एकाच हाताने सारे उचलणे. ‘आमचा डावखुरा आहे’ असे कौतुकाने सांगितले जाते. पण वर्षाच्या आतील मुलाला डावे-उजवे नसते. यांपैकी एक खूण म्हणजे व्याधी नव्हे, पण दाखवायला नेण्यास ती पुरेशी आहे.

घाई एवढ्यासाठी, की कोवळा मेंदू सरावाने घडतो आणि हा काळ लांबत नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील 657 बालकांच्या अभ्यासात (2002) असे आढळले की, सौम्य स्वरूपाची व्याधी असलेली मुले आपल्या हालचालींच्या क्षमतेचा सुमारे 90 टक्के पल्ला पाच वर्षांच्या आसपास गाठतात. तीव्र स्वरूपात तो तीन वर्षांच्याही आधी गाठला जातो. ‘मुलगे उशिराच चालतात’ या दिलाशात दोन वर्षे गेली, तर काय गेले याचा हिशेब यावरून करता येईल.

तकदीरवर ईमान असणाऱ्याने इतकी धावपळ करावी काय? शामच्या वाटेवर असताना पुढे साथ पसरल्याचे कळले आणि हजरत उमर (रजि.) यांनी माघारी फिरण्याचे ठरवले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. त्यावर हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, माघारी फिरणे हीदेखील अल्लाहचीच तकदीर आहे. इजा ही तकदीर असेल, तर बाळ चार महिन्यांचे असताना आपल्या मनात आलेली शंका आणि जिल्हा रुग्णालयाकडे जाणारा रस्ता हीदेखील तकदीरच होय.

याहून कठीण आक्षेप वेगळा आहे. ही व्याधी पूर्णपणे बरी होत नाही, मग नाव कळून उपयोग काय? हा आक्षेप घेणारा बाप निर्दय नसतो. बहुधा तो घाबरलेला असतो. पण शिफा म्हणजे केवळ संपूर्ण बरे होणे, हे त्याने गृहीत धरलेले असते. या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत खुब्याचे हाड सांध्यातून सरकू लागते. सुरुवातीला ते दुखत नाही, ठराविक काळाने काढलेल्या एक्स-रेतच दिसते. वेळीच सापडले तर पुढची कित्येक वर्षांची वेदना टाळता येते. जे मूल आपले दुखणे सांगू शकत नाही, त्याच्या वतीने विचारपूस करणे आपल्यावर बंधनकारक नाही काय? आणि ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, असे मानणे हा तर निव्वळ अन्याय होय. मुंबईच्या मालिनी चिब यांना ही व्याधी आहे. एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी शाळा काढली नसती, तर हे कितपत घडले असते?

संपूर्ण शिफेच्या हट्टापायी दुसऱ्या टोकाचे नुकसानही होते. दागिने विकून मूलपेशींची इंजेक्शने दिली जातात; वस्तुतः या व्याधीसाठी तो उपचार भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या सूत्रांनुसार प्रयोगापुरताच मर्यादित आहे. ताविजांवर जाणाऱ्या महिन्यांचा तर हिशेबच नको. दुआ अवश्य करावी; दुआने कोणाच्या व्यायामाचा वेळ खाल्लेला नाही.

हा व्यायामही आपण समजतो तसा नसतो. दुसऱ्याने हातपाय ओढून फारसे साधत नाही. मुलाने स्वतः प्रयत्न करावा लागतो. एक हात दुबळा असेल, तर चांगल्या हाताला रोज थोडा वेळ मोजा घालून दुबळ्या हाताने खेळू देतात. हे घरातच, दिवसातून अनेकदा, खेळता-जेवताना घडावे लागते, आणि म्हणूनच एकट्या आईच्या आवाक्यातले ते नाही. वडील आणि चुलते यांनीही ते शिकून घेतले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत (2013) जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या व्याधीचा स्पष्ट समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते. यात भीक मागण्यासारखे काही नाही.

सराव कशाचा करायचा हे थेरपिस्ट कुटुंबालाच विचारतात, कारण ज्या कामाची मुलाला ओढ आहे त्याचाच सराव फळतो. तेथे आपण संकोचाने ‘चालू लागावा’ एवढेच म्हणतो. अब्बांच्या शेजारी जानमाजवर टेकून बसता यावे, इफ्तारचा खजूर स्वतःच्या हाताने तोंडापर्यंत नेता यावा, हेही त्यांना सांगावे. उभे राहणे शक्य नसेल त्याने बसून, तेही शक्य नसेल तर कुशीवर राहून नमाज पढावी, ही सवलत प्रेषितांनी (स.) आजारी असलेल्या हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना दिली होती. मुलाला यांपैकी कोणती स्थिती जमेल आणि त्यासाठी मान किती वेळ सावरता यावी लागेल, हे थेरपिस्टसोबत बसून ठरवता येते.