फळ कुणाच्या वाट्याचं?

फळाची आसक्ती ठेवू नये, मग काम चोख तरी का करायचं? अलिबागच्या शाळेत मी गणित-विज्ञान शिकवलं, आता चातुर्मासात बायकांच्या मंडळात गीता वाचते. दुसऱ्या अध्यायातल्या ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ या श्लोकाशी आलं की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. ‘आपण करत राहावं, बाकी देव बघेल’ असं म्हणत कामं कशीबशी उरकलेली पाहिली की मला राग येतो. त्यासाठी श्लोकाचा आधार घेतला की जास्तच येतो.

मी मंडळात आमच्या वेधशाळेची गोष्ट सांगते. मुंबईत कुलाब्याला 1840च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाय मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागेत नवी जागा उभी राहिली. चुंबकाला ढळवील असं लोखंड बांधकामात येऊ दिलं नाही. मग 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाब्याला आणि इथे, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं. ट्राम 1907 मध्ये धावली.

ही दोन वर्षं मला फार मोलाची वाटतात. जुन्या आकड्यांना नवे आकडे बिनतोड जुळावेत, एवढ्यासाठी दुप्पट काम. ते जुळलेले आकडे वापरणार कोण, हे त्या माणसांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

त्याआधीची एक नोंद पाहा. 2 सप्टेंबर 1859 रोजी कुलाब्याला क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे 1600 नॅनोटेस्लाने कोसळली. सूर्यावरून आलेलं ते प्रचंड वादळ होतं. निरीक्षकाने जे दिसलं ते मांडून ठेवलं. 144 वर्षांनी, 2003 मध्ये, ब्रूस त्सुरुतानी आणि सहकाऱ्यांनी त्याच आकड्यांवरून वादळाची ताकद काढली. त्या सहकाऱ्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे अभ्यासकही होते. 1989 च्या वादळात कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज नऊ तास गेली होती. त्याहून कितीतरी मोठं वादळ येऊ शकतं, हे त्या जुन्या नोंदीमुळे आकड्यांत सांगता आलं.

अलिबागला मोजमाप सुरू झालं त्याच 1904 साली ऑस्ट्रेलियात विल्यम ब्रॅग यांना आढळलं, की अल्फा कण थांबण्याच्या जरा आधी सर्वांत जास्त ऊर्जा टाकतो. ते 1942 मध्ये वारले. प्रोटॉनही तसाच वागतो, म्हणून त्याने गाठीवर नेमका मारा करता येईल, ही कल्पना रॉबर्ट विल्सन यांनी 1946 मध्ये मांडली. आज आमच्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संस्थेत, प्रोटॉनने कर्करोगावर उपचार होतात. ब्रॅग यांनी ते काम कर्करोगासाठी केलं नव्हतं. त्यांनी कण किती लांब जातो तेवढंच नीट मोजलं होतं.

मंडळातली एकजण म्हणाली, “ताई, फळ आलं म्हणून तुम्ही सांगता. नसतं आलं तर?”

प्रश्न खरा आहे. पुष्कळ वह्या कुणीच उघडत नाही. माझं म्हणणं असं, की 1859 चा तो दिवस पुन्हा मोजता येत नाही. निरीक्षकाने तेव्हा आळस केला असता, तर पुढच्या कुठल्याही बुद्धिमान माणसाला तो भरून काढता आला नसता. म्हणून चोखपणा फळाशी बांधलेला नाही, त्या क्षणाशी बांधलेला आहे. आणि गीतेतही त्या प्रसिद्ध श्लोकानंतर तिसऱ्याच श्लोकात कर्मातल्या कौशल्याला योग म्हटलं आहे. लोक तिथवर जात नाहीत. पहिला श्लोक पाठ असतो, तिसऱ्याची आठवण कुणी काढत नाही.

तिला ते पुरतं पटलं नाही. ती म्हणाली, अचूकपणाचा एवढा ध्यास ही आसक्तीच झाली की. मी म्हटलं, असेल. पण स्वतःच्या नावासाठी नसलेली आसक्ती गीतेला चालत नाही, असं मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही. यंदा अठराव्या अध्यायाशी पोचलो, की सात्त्विक कर्त्याची लक्षणं घेऊन हा वाद पुन्हा काढायचा, असं आमचं ठरलं आहे.