समुद्रातला हिशेब

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे वाक्य आपण फार सोयीने वापरतो. सावकाराने कुणाचे शेत घशात घातले, बड्या दुकानाने शेजारचे छोटे दुकान बुडवले, की कोणीतरी मान हलवून म्हणतो, "चालायचेच! जगाचा नियमच आहे तो." जुन्या राजनीतीत याला मात्स्यन्याय म्हणत. मौज अशी की, कौटिल्याने हा शब्द वापरला तो या स्थितीची भलावण करण्यासाठी नव्हे. दंड धरणारा कोणी नसेल तर बलवान दुर्बळाला गिळील, हे भय त्याला सांगायचे होते. आपण त्या भयाचाच नियम करून टाकला. वास्तविक त्या शब्दातला 'न्याय' म्हणजे नुसता दृष्टांत. पण 'न्याय' म्हटले की आपल्या मनाला बरे वाटते.

समुद्रात खरोखर काय चालते, याचा हिशेब मांडणारा एक गणिती इटलीत होऊन गेला. त्याचे नाव व्हीटो व्होल्टेरा. पुढे त्याचा जावई झालेला उंबेर्तो द'अँकोना हा प्राणिशास्त्रज्ञ होता. एड्रियाटिक समुद्राकाठच्या त्रिएस्ते, फियूमे आणि व्हेनिस येथल्या मासळीबाजारांच्या नोंदी तो तपासत होता. त्यांत त्याला एक विचित्र गोष्ट आढळली. 1914 साली फियूमेच्या बाजारात आलेल्या मासळीत मुशी, पाकट अशा खादाड जातींचा वाटा शेकडा 12च्या आसपास होता. 1918 साली तो शेकडा 36च्या वर गेला आणि 1923 पर्यंत पुन्हा शेकडा 11च्या खाली आला. मधली वर्षे महायुद्धाची. त्या काळात मासेमारी जवळजवळ थंडावली होती. जाळी थांबली म्हणजे सगळ्याच माशांना सुखाचे दिवस यायला हवे होते. मग भरभराट झाली ती खाणाऱ्यांचीच का? जावयाने प्रश्न सासऱ्यापुढे टाकला.

व्होल्टेराने 1926 साली दिलेले उत्तर मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्यालाही समजू शकते. लहान मासे आपल्या आपण वाढतात. ते घटतात मोठ्यांशी गाठ पडली म्हणजे. मोठे मासे भक्ष्याविना आपल्या आपण घटतात. ते वाढतात लहानांशी गाठ पडली म्हणजे. आणि गाठी किती पडणार, हे दोघांच्या संख्यांच्या गुणाकारावर अवलंबून. एवढ्या सामग्रीवर त्याने दोन समीकरणे मांडली. त्यांतून निघाले एक रहाटगाडगे. लहान मासे वाढले की त्यांच्यामागून मोठे वाढतात; मोठे फार झाले की लहान ओसरतात; मग मोठे उपाशी मरतात, आणि लहान पुन्हा डोके वर काढतात. अमेरिकेत आल्फ्रेड लोटकाने याच जातीची समीकरणे स्वतंत्रपणे मांडली होती.

आता जाळे आणा. जाळे दोघांनाही धरते. मोठ्यांचे मरण वाढले, म्हणजे त्यांना टिकून राहायला अधिक भक्ष्य हवे. ज्या घरात खर्च अधिक, त्या घराला मिळकतही अधिक लागते, तसेच हे. म्हणून रहाटाच्या एका फेऱ्याची सरासरी काढली तर लहान मासे वाढलेले दिसतात. उलट, लहानांच्या वाढीतला काही भाग जाळ्यात गेल्याने त्यांच्यावर पोसले जाणारे मोठे कमी होतात. जाळे थांबले की हे सारे पालटते. युद्धात तेच झाले. जमिनीवर माणसे माणसांना मारण्यात गुंतली होती आणि पाण्यात मुशी माजल्या.

हे वाचल्यापासून एक प्रश्न मला सोडत नाही. हात आवरला, मारले नाही, म्हणजे दया झाली का? माझा धंदा शाळामास्तराचा. छडी ठेवून मास्तर वर्गाबाहेर गेले तर वर्गातली मारपीट थांबत नाही. ती फक्त मास्तरांच्या हातून मागल्या बाकावरच्या दांडगोबाच्या हाती जाते. आपण कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, असे म्हणणारा सज्जन पुष्कळदा नकळत दांडग्याच्या पारड्यात बसलेला असतो. एवढ्यापुरते व्होल्टेराचे गणित कौटिल्याच्या बाजूने साक्ष देते.

पण इथेच सावध राहायला हवे. कोणी धूर्त कोळी म्हणेल, "पाहा, मी लहान माशांचा उपकारकर्ता आहे!" आणि कोणी जुलमी राजाही हेच म्हणेल. त्याला दोन उत्तरे आहेत. एक, हा हिशेब जाळी बेताची असतील तोवरचा. बेत सुटला तर लहानही संपतात आणि मोठेही. दुसरे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते. वाढली ती सरासरी. जी तारली जाळ्यात सापडून तडफडली, तिच्या पदरात त्या सरासरीतले काय पडले? जात जगली, जीव गेला. समीकरणात जीव नसतो, संख्या असते. माणसांविषयी बोलताना जो केवळ सरासरीची भाषा बोलतो, त्याच्यापासून मी दोन हात दूर राहतो.

शिवाय खरा समुद्र दोन जातींचा नसतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन याने एका खडकाळ पट्ट्यातले तारामासे उचलून टाकण्याचा सपाटा लावला. 1966 साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला: तिथल्या 15 जातींपैकी 8च उरल्या. तारामासा खात नाहीसा झाल्यावर शिनाण्यांच्या जातीच्या शिंपल्यांनी सारी जागा बळकावली आणि इतरांना पाय ठेवायला जागा उरली नाही. म्हणजे खाणारा तेवढा दुष्ट आणि खाल्ला जाणारा तेवढा गरीब, हीसुद्धा आपणच माशांवर लादलेली गोष्ट. कोण कुणाला खातो याचे जाळे इतके गुंतागुंतीचे आहे की, त्यातून नीती शोधायला जाणारा रिकाम्या हातांनीच परत येईल.

मग नीती शोधायची कुठे? व्होल्टेराच्याच आयुष्यात तिचा एक धागा सापडतो. मुसोलिनीच्या राजवटीत, 1931 साली, इटलीतल्या विद्यापीठांच्या प्राध्यापकांना फॅसिस्ट सत्तेशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे बाराशे प्राध्यापकांत नकार देणारे डझनभर निघाले. त्यांतला एक व्होल्टेरा होता. वय 71. रोमच्या विद्यापीठातली जागा गेली. 1940 साली रोममध्येच तो वारला. मोठा मासा लहानाला कसा आणि किती गिळतो, हे त्याच्याइतके अचूक कुणी मांडले नव्हते. पण "चालायचेच" हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. शपथ घेणाऱ्या बाकीच्यांना मी भ्याड म्हणणार नाही. त्यांनाही पोरेबाळे होती. पण त्या डझनभरांच्या नकाराने राजवट हलली नाही हे ठाऊक असूनही, तो नकार वाया गेला असे मला म्हणवत नाही.

त्याच्या समीकरणांत मुशीला नाही म्हणता येत नाही, तारलीलाही येत नाही. त्यांच्या वाट्याला भूक, वाढ आणि मरण एवढेच. माणसाचे गणित तिथे अडते. आपण ज्या ताटावर बसतो त्यातही कुणाचा तरी जीव किंवा कुणाचा तरी घाम असतोच. ते चुकवता येत नाही. पण किती घ्यायचे, कुणाच्या तोंडचे घ्यायचे नाही, आणि दुसरा कुणी गिळला जात असताना आपण कुठे उभे राहायचे, हे ठरवणे आपल्या हातात असते. त्यापुढे जगाचा नियम म्हणून कोणी माशांकडे बोट दाखवलेच, तर त्याला एवढेच विचारावे: अहो, पण आपण मासे आहोत का?