स्वभाव कोठे वसतो?

मद्याविषयी धर्मगुरूने लिहावे काय, हा प्रश्न वाचकांच्या आधी आमच्याच मनात आला. दारूने गेलेल्यांच्या शवपेटीमागून आम्ही अनेकदा दफनभूमीपर्यंत चाललो आहोत. तरीही स्कॉटलंडच्या माल्ट व्हिस्कीची माहिती वाचताना एका जुन्या तात्त्विक प्रश्नाने आम्हास गाठले, आणि त्याचा संबंध बाटलीपेक्षा माणसाशी अधिक असल्याने तो येथे मांडीत आहोत. शिवाय या पेयाच्या लेखी इतिहासाच्या आरंभीच एक मठवासी उभा आहे. १४९४ सालच्या स्कॉटिश राजाच्या हिशेबात ब्रदर जॉन कॉर यांस ‘जीवनजल’ करण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याची नोंद सापडते. (बोल हे तेथील धान्याचे जुने माप.) तेव्हा हा विषय आमच्या वर्गाला अगदीच परका म्हणता येणार नाही!

या व्हिस्कीला लागते ते मोड आणून वाळवलेले जव, पाणी आणि यीस्ट. तांब्याच्या भांड्यांतून ऊर्ध्वपातन करायचे आणि कायद्याप्रमाणे किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात ठेवायचे. कृती सर्वत्र सारखीच. तरी शंभराहून अधिक डिस्टिलऱ्यांपैकी प्रत्येकीच्या मद्याचा स्वभाव वेगळा. ग्लेनमोरांजीची भांडी जिराफाएवढी उंच. जड वाफा वरपर्यंत न पोहोचता माघारी पडतात आणि मद्य हलके उतरते. मॅकॅलनची भांडी बुटकी, म्हणून मद्य भारदस्त. आयला बेटावर जव पीटच्या, म्हणजे दलदलीतील वाळवलेल्या मातीच्या धुरावर सुकवतात; तो धूर पेल्यापर्यंत येतो. इथवर सारे कार्यकारणभावात बसते.

परंतु पुढे पीटर मॅकी या गृहस्थांची कथा येते. आयला बेटावरील लागाव्हुलिन डिस्टिलरी त्यांच्या ताब्यात होती, आणि शेजारच्या लाफ्रॉइगच्या विक्रीचे हक्कही त्यांच्याकडे होते. १९०७ साली ते हक्क गेले. संतापलेल्या मॅकींनी १९०८ साली आपल्याच आवारात ‘माल्ट मिल’ नावाची दुसरी डिस्टिलरी उभारली. उद्देश एकच : हुबेहूब लाफ्रॉइग निर्माण करायची. भांडी त्याच घाटाची केली. बेट तेच, पीट तेच, समुद्राचा वाराही तोच. मद्य चांगले उतरले, पण ते लाफ्रॉइग झाले नाही. अर्धशतकाहून अधिक काळ चालून १९६०च्या दशकाच्या आरंभी माल्ट मिल बंद पडली. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर पहिल्या नेमणुकीत आम्हीही आमच्या लोकप्रिय पूर्वसुरींप्रमाणे प्रवचनात मध्येच थांबून चष्मा पुसू लागलो होतो. लोकांनी सहन केले, इतकेच.

डॅलव्हिनीची गोष्ट अधिक बोलकी आहे. तेथे वाफ थंड करण्यासाठी पाण्याच्या मोठ्या लाकडी पिंपांत बुडवलेली तांब्याची नागमोडी नळी होती. १९८६ साली ती जुनाट व्यवस्था काढून आधुनिक संघनक बसविले. वाफेचा तांब्याशी संपर्क वाढला, मद्य हलके झाले, जुने अंग हरपले. अखेर १९९५ साली ती पिंपे परत आणावी लागली. क्लाइनलिश येथे तर कमालच. तेथील मद्याचा मेणासारखा स्निग्धपणा विख्यात आहे. एकदा साठवणीच्या टाक्या घासूनपुसून लख्ख केल्या आणि तो स्निग्धपणाच नाहीसा झाला. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेल्या गाळात तो वसत होता! आता तो गाळ जपला जातो.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका लहान धर्मग्रामात होतो. तेथे संध्याकाळच्या रोझरीनंतर बायका चर्चच्या पायऱ्यांवर बसत. वाल सोलीत, कुणाच्या सुनेचे, कुणाच्या बकरीचे विषय निघत. मधूनच भांडणे जुंपत, आणि मग ती आमच्यापुढे निवाड्यासाठी येत. आम्ही तरुण होतो, शिस्तीचे भोक्ते होतो. रोझरी संपताच फाटक बंद करण्याचा नियम आम्ही केला. भांडणे थांबली. आम्ही समाधान मानले. पुढील पावसाळ्यात एकटी राहणारी एक वृद्धा तीन दिवस तापात पडून होती, हे आम्हास चौथ्या दिवशी समजले. पूर्वी ते पहिल्याच संध्याकाळी पायरीवर कळले असते, आणि कुणीतरी पेजेचे भांडे घेऊन गेलेही असते. आम्ही फाटक पुन्हा उघडले. कोणी आले नाही.

मग साचलेले सारेच जपावे काय? लग्नघरी पहाटेपर्यंत बाटल्या फुटतात आणि आम्ही बोललो तर उत्तर मिळते, “फादर, ही आपली रीतच आहे.” तोही गाळच, आणि त्याने घरे बुडताना आम्ही पाहिली आहेत. संत थॉमस अक्वायनस सांगतात की, वारंवार केलेल्या कृतींतून वृत्ती मुरते. सद्गुण तसाच मुरतो आणि दुर्गुणही तसाच. तेव्हा केवळ जुनेपणा हा पुरावा होत नाही. मात्र क्लाइनलिशच्या लोकांना काय हरवले हे उमगले, कारण त्यांना मूळ चव ठाऊक होती. आमचे तसे नव्हते. ज्या पायऱ्या आम्ही रिकाम्या केल्या, त्यांवर आम्ही एकदाही बसलो नव्हतो; खिडकीतून केवळ आवाज ऐकला होता.

गेल्या वर्षी एका दफनविधीसाठी त्या गावी जाणे झाले. पायऱ्यांवर आता फरश्या बसविल्या आहेत. त्या काळातील एक मावशी काठी टेकीत आल्या आणि तेथेच बसल्या. आम्ही जुनी गोष्ट काढून क्षमा मागू लागलो, तर त्यांना फाटकाचा नियम आठवेना. आठवत होती ती बकरी. ती कुणाची, यावर त्यांनी आम्हास अर्धा तास ऐकवले. आम्ही शेजारी बसून ऐकले.